परदेशी घर, आपले घर : विनिमय-विद्यार्थ्याची दिनचर्या

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी शिकून आलेला तरुण गावी परतला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो तिकडच्या पगाराचा, आणि दुसरा तिकडच्या थंडीचा. तेथे जिन्याचा केर कोण काढतो, कचऱ्याचे पैसे कोण भरतो, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे दार कोण ठोठावतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक एका समाजाचे दुसऱ्या समाजापासूनचे वेगळेपण मोठ्या इमारतींपेक्षा अशा लहान गोष्टींतच अधिक स्पष्ट दिसते. आणि या गोष्टी पाहण्याची संधी प्रवाशापेक्षा विद्यार्थ्याला जास्त मिळते. कारण प्रवासी हॉटेलात उतरतो, विद्यार्थी मात्र भाड्याच्या खोलीत राहतो, भांडी घासतो आणि शेजाऱ्याचे बोलणेही खातो.

विनिमय-विद्यार्थी म्हणजे आपल्या महाविद्यालयात नाव कायम ठेवून एखादे सत्र किंवा वर्ष परदेशी विद्यापीठात काढणारा विद्यार्थी. तो जातो, तसाच तिकडील विद्यार्थी इकडे येतो. जर्मनीची शैक्षणिक विनिमय सेवा १९२५ साली सुरू झाली. स्वतंत्र भारताने १९५० साली अमेरिकेबरोबर फुलब्राइट करार केला आणि त्याच वर्षी मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. युरोपातील देशांनी आपापसांतील देवघेवीसाठी १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू केली. या सर्व योजनांमागे एकच अपेक्षा आहे : विद्यार्थ्याने पदवीबरोबर तुलनेची दृष्टीही घेऊन यावे.

तुलनेची जुनी परंपरा

महाराष्ट्राला ही तुलना नवी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. तेथील कडाक्याच्या थंडीत आपला पोशाख आणि आपला शाकाहार सांभाळणे हा त्यांच्यापुढील रोजचा प्रश्न होता. त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. परदेशातील दिनचर्येची किंमत काय असू शकते, हे त्या काळी त्यांच्याइतके कोणी मोजले नसेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात ते इतरांसारखेच एक विद्यार्थी होते. खोली मिळवताना किंवा जेवणाच्या टेबलावर बसताना त्यांची जात कोणी विचारली नाही. १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी ते परतले, तेव्हा त्याच उच्चविद्याविभूषित तरुणाला बडोद्यात राहावयास घर मिळेना. नाव बदलून एका पारशी खानावळीत आसरा घ्यावा लागला, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी घर आणि आपले घर यांच्या तुलनेत केवढा दाह असू शकतो, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. बर्लिन येथे मानववंशशास्त्राचे संशोधन करताना त्यांच्यापुढे मानवी कवटीच्या असमतोलाचा विषय होता. युरोपीय वंशाच्या कवट्यांत हा असमतोल निराळा आढळेल, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली. वंशानुसार तसा फरक त्यांना दिसला नाही, आणि त्यांनी १९३० साली आपल्या प्रबंधात तो निष्कर्ष निर्भीडपणे मांडला. माणसामाणसांतील फरक हाडांत शोधू नये, हा त्यातून आपण घेण्याजोगा धडा. पुढील सर्व विवेचनासाठी हाच धडा धरून चालणे योग्य होईल.

पहिला पंधरवडा

आता आजच्या विद्यार्थ्याकडे वळू. उदाहरणासाठी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य घेऊ. कारण महाराष्ट्राशी या राज्याचे भागीदारीचे संबंध २०१५ पासून आहेत आणि त्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे.

तेथे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. विद्यार्थी खोलीवर पोहोचतो आणि पहिले काम पुढ्यात येते ते नोंदणीचे. घरात राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो व त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद असते. तेथे घराबरोबर त्यात राहणाऱ्या माणसाचीही नोंद असते. ही नोंद नसेल तर पुढची बहुतेक कामे अडतात. आरोग्य विमा सक्तीचा. आकाशवाणी-दूरचित्रवाणीचे शुल्क दर घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट, हा दर ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाला; घरात दूरचित्रवाणी संच आहे की नाही, याची चौकशीही नाही. एका घरात चौघे विद्यार्थी राहत असतील तर शुल्क एकदाच, आणि ते चौघांनी वाटून घ्यावयाचे.

दुसरा धडा कचऱ्याचा. कागदाची पेटी वेगळी, वेष्टनांची वेगळी, भाजीपाल्याच्या अवशेषांची वेगळी, आणि उरलेल्या कचऱ्याची वेगळी. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा रंगांनुसार रस्त्यावरील निरनिराळ्या पेट्यांत टाकावयाच्या, त्याही रात्री किंवा रविवारी नव्हे, कारण आवाज होतो. बहुतेक शहरांत उरलेल्या कचऱ्याच्या पेटीचा आकार जेवढा मोठा, तेवढी तिची आकारणी अधिक. म्हणजे जो वर्गीकरण करीत नाही त्याच्या खिशाला चाट बसते. प्लॅस्टिकची बाटली किंवा डबा विकत घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली की ती परत मिळते. ही पद्धत २००३ साली सुरू झाली.

येथे आपला विद्यार्थी प्रथम घाईचा निष्कर्ष काढतो : हे लोक जात्याच शिस्तीचे आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे मत बदलू लागते. ज्या बाटलीला अनामत नाही, तिची तुटलेली काच शनिवारच्या रात्रीनंतर बागेतील बाकाखाली तेथेही पडलेली दिसते. शिस्तीचा भाग स्वभावात कमी आणि व्यवस्थेत जास्त आहे, हे त्याच्या ध्यानात येते. व्यवस्था बिघडली की शिस्तही बिघडते. जर्मन माणसाच्या वक्तशीरपणाची कीर्ती जगभर आहे. परंतु २०२४ साली तेथील सरकारी रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतील उशीर माफ करून. माणसे तीच होती. रूळ व सिग्नल जुने झाले होते.

केराचा आठवडा

स्टुटगार्ट आणि त्याच्या परिसरातील स्वाबिया प्रदेशात एक प्रथा आहे. तिचे नाव केरवोखे. त्यातील पहिल्या अक्षरांचे आपल्या ‘केर’ या शब्दाशी असलेले साम्य योगायोगाचे असले, तरी मराठी विद्यार्थ्याला ते नाव एकदा ऐकले की विसरता येत नाही. अर्थ ‘झाडलोटीचा आठवडा’. इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाची आळीपाळीने एकेका आठवड्याची पाळी येते. लहान पाळीत आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडणे व पुसणे. मोठ्या पाळीत अंगण, पदपथ व कचऱ्याच्या पेट्यांची जागा साफ करणे, आणि हिवाळ्यात बर्फ बाजूला सारणे. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लहानशी पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते.

या पाटीवर त्या घरातील माणसाचा हुद्दा लिहिलेला नसतो. प्राध्यापक असो, गवंडी असो वा परदेशी विद्यार्थी असो, पाटी आली की झाडू हाती घ्यावयाचा. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने आयुष्यात कधी जिना झाडलेला नसतो. घरी ते काम आईचे किंवा मोलकरणीचे, आणि घराबाहेरचे काम तर ठरावीक जातीच्या माणसांचे, असे तो न शिकवताच शिकलेला असतो. शनिवारी सकाळी बादली घेऊन तो जिन्यावर उभा राहतो तेव्हा पाठ्यपुस्तकातील श्रमप्रतिष्ठेचा धडा त्याच्या हाताला पहिल्यांदा कळतो. खालच्या मजल्यावरील आजीबाई कोपऱ्यात राहिलेली धूळ बोटाने दाखवितात, हा त्या धड्याचा परिशिष्टभाग.

टेबल आणि दार

व्यवस्थेचे हे चित्र जसे आहे, तशी त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर तुलना म्हणजे निव्वळ स्तुतिपाठ ठरेल.

तेथील अनेक घरांत रात्रीचे जेवण थंड असते. त्याचे नावच ‘संध्याकाळचा पाव’ अशा अर्थाचे आहे : पाव, लोणी, चीज, काकडी. विद्यार्थ्याला जेवावयास बोलावले जाते. यजमानीणबाई विचारतात, आणखी घेणार का? आपला विद्यार्थी रीतीप्रमाणे नको म्हणतो आणि दुसऱ्यांदा आग्रह होईल म्हणून थांबतो. आग्रह होत नाही. भांडी उचलली जातात. तेथे ‘नको’ म्हणजे नको, आणि पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच त्याचा मान. आपल्याकडे पहिला नकार हा होकाराचा उंबरठा असतो. अर्धपोटी घरी परतलेल्या त्या विद्यार्थ्याला दोन्ही रीतींमागील सद्भाव उमगावयास वेळ लागतो, पण उमगला की तो कायमचा उमगतो. बोलण्यातील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद मात्र त्याला शिकवावा लागत नाही. जर्मन भाषेतही तो आहे, आणि कोणाला अहो म्हणावे याचे भान मराठी मुलाला घरीच आलेले असते.

रविवारी दुकाने बंद. रविवारच्या विश्रांतीला जर्मन राज्यघटनेचेच संरक्षण आहे. रात्री दहानंतर शांतता. पहिले काही रविवार विद्यार्थ्याला सुखाचे वाटतात. नोव्हेंबर लागतो, दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो, आणि शांततेचे रूपांतर एकाकीपणात होते. दार वाजत नाही. न कळविता कोणी येत नाही. जर्मनीत दर पाच माणसांमागे एक माणूस घरात एकटा राहतो, आणि त्यांत वृद्धांची संख्या मोठी आहे. जिन्यातील धूळ दाखविणाऱ्या आजीबाई धुळीच्या निमित्ताने दोन शब्द बोलावयास आल्या होत्या, हेही विद्यार्थ्याला हिवाळ्यातच कळते.

त्या बाटल्यांच्या अनामतीलाही दुसरी बाजू आहे. काही वृद्ध पेन्शनर व गरजू माणसे सार्वजनिक कचरापेट्यांत हात घालून बाटल्या शोधताना दिसतात. म्हणून समंजस नागरिक रिकामी बाटली पेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात, दुसऱ्याला हात घाण करावा लागू नये म्हणून. संपन्न देशातही गरिबी असते. तिची लाज राखण्याची एक साधी रीत लोकांनी शोधून काढली आहे.

पुण्यात आलेला पाहुणा

विनिमयाचा दुसरा प्रवाह इकडे येतो. पुण्यात शिकावयास आलेल्या जर्मन विद्यार्थिनीची दिनचर्या याच प्रश्नांची उलटी बाजू दाखवते. तिच्या खोलीचे दार पहिल्याच दिवशी तीन वेळा वाजते : एकदा दूधवाला, एकदा इस्त्रीवाला, आणि एकदा शेजारच्या काकू डबा घेऊन. डबा परत करताना तो रिकामा द्यावयाचा नसतो, हे तिला कोणत्याही माहितीपत्रकात वाचावयास मिळालेले नसते. रस्त्यात ओळखीचा माणूस ‘जेवलात का?’ असे विचारतो. प्रथम तिला ते आमंत्रण वाटते, मग चौकशी वाटते, आणि अखेरीस तो कुशलप्रश्न आहे हे समजते. ती तापाने आजारी पडते तेव्हा कोणीही न सांगता मऊ भात येतो, काढा येतो, आणि सल्ला तर चार घरांतून येतो. एकांत मागून मिळत नाही, पण एकटेपणही वाट्याला येत नाही.

सकाळी मात्र ती एक दृश्य पाहते आणि विचारात पडते. कचरावेचक स्त्री दारोदार जाऊन बादल्या रिकाम्या करते आणि नंतर खाली बसून ओला व सुका कचरा हाताने वेगळा करते. पुण्यात कचरावेचकांची कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम हाती घेतले. या स्त्रियांनी उकिरड्यावरील श्रमाला ओळखपत्र आणि हक्काचा मोबदला मिळवून दिला, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. परंतु जर्मन विद्यार्थिनीच्या मनातील प्रश्न साधा असतो : ज्या घराने कचरा केला, त्याने तो घरातच का वेगळा केला नाही? ज्या काकू तिच्यासाठी डबा आणतात, त्याच काकू ओल्या कचऱ्यात फुटलेला पेला टाकतात, आणि तो कोणाच्या हाताला लागेल याचा विचार त्यांच्या मनात येत नाही. शेजारधर्माची सीमा काकूंच्या उंबरठ्यापासून कुठवर जाते, हा प्रश्न परक्या मुलीने विचारला म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

पाळी आपलीही

यावर कोणी म्हणेल, तिकडच्या पाट्या आणि पाळ्या इकडे चालावयाच्या नाहीत. आपला स्वभावच वेगळा. हे म्हणणे आपल्याच इतिहासाला धरून नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेतले आहे. पाटकरी पाणी सोडतो, ठरल्या क्रमाने ते शेतात येते, आणि पाळी मोडणाऱ्याची गय होत नाही. कोणाची नांगरट मागे राहिली तर गावाने बैल घेऊन त्याच्या शेतावर जावे, त्याने सर्वांना जेवू घालावे, ही इर्जिकीची चाल मराठी मुलुखाचीच. पेरणीला सावड आहे, पाण्याला पाळी आहे. जे आपण पिकासाठी पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, तेच गटारासाठी करीत नाही. कारण गटार कोणाचे काम हे आपण जातीवर सोपवून मोकळे झालो. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो याच गाठीवर घाव घालण्यासाठी. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा सरपंचापासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी झाडू उचलल्याची दृश्ये अनेक गावांनी पाहिली. बक्षिसाचा निकाल लागल्यानंतरही ज्या गावांत झाडू खाली ठेवला गेला नाही, तेथे पाळी ठरली होती असे समजावे.

जर्मनीतील लहान गावांकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथील अग्निशामक दलात पगारी माणसे क्वचितच असतात. सुतार, शेतकरी, शिक्षक असे गावकरीच प्रशिक्षण घेतात आणि सूचना येताच हातातील काम टाकून धावतात. देशभरात असे सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत. ही इर्जिकच होय. फक्त तिला प्रशिक्षण, गणवेश आणि विमा यांची जोड मिळालेली आहे.

शिक्षकांना येथे बरेच करता येईल. गावातील एखादा विद्यार्थी परदेशी जाऊन आला, तर त्याचा सत्कार करून त्याला निरोप देऊ नये. त्याला वर्गावर बोलवावे आणि पगाराऐवजी दिनचर्या विचारावी : सकाळी पाणी कोठून आले, भांडी कोणी घासली, नोंदणी कशी झाली, कोणत्या दिवशी रडू आले? आणि त्याच दिवशी मुलांना आपल्या घरची दिनचर्या त्याच प्रश्नांनी लिहावयास सांगावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की भूगोल, नागरिकशास्त्र आणि निबंध हे तिन्ही विषय एका तासात होतात. ज्यांना जावयाचे आहे त्यांना खर्चाची खरी माहिती द्यावी. जर्मनीत विद्यार्थी म्हणून दीर्घ मुदतीचा परवाना मागणाऱ्याला वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यात आली. शेत गहाण टाकण्यापूर्वी शिष्यवृत्तीची चौकशी व्हावी. विनिमय करारातील शुल्कमाफीची माहिती महाविद्यालयाकडून, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती समाजकल्याण कार्यालयाकडून घ्यावी.

पंचायत सदस्यांनी परतलेल्या मुलाला एकदा ग्रामसभेत बोलू द्यावे. तो बोलेल त्यातील निम्मे गावाला लागू पडणार नाही. ते सोडून द्यावे. पण गल्लीतील दहा घरांनी आठवड्याची पाळी ठरवून एक पाटी दारोदार फिरविण्यास निधी लागत नाही, ठरावाची प्रत लागत नाही आणि परदेशी तज्ज्ञही लागत नाही. अट एकच : पाटी कोणाच्याही दारावरून पुढे सरकवता कामा नये, मग ते दार पाटलांचे असो, गुरुजींचे असो की सरपंचांचे असो.